वरची ओळ

ही घटना खरी आहे. मला रंगवून सांगता येत नाही, त्यामुळे जशी ऐकली आणि शेवटी जशी पाहिली तशीच लिहितो.

ज्याच्या घरात हे घडलं तो माझा दाजी, गोविंदा. माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा नवरा. गाव धामणगाव बढे, तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा. मागच्या थंडीतली गोष्ट. मार्गशीर्ष सरत आला होता. आणि वेळ रात्रीची नव्हती, तिन्हीसांजेची होती. अजून घराघरांत दिवे लागायचे होते.

रात्री घडलं असतं तर मीही म्हटलं असतं, भास झाला असेल.

पण एसटी नुकतीच येऊन गेली होती. समोरच्या किराणा दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. दाजीच्या पायाला शेतातला ओला चिखल होता...

आणि माडीवर कोणीतरी गिटार वाजवत होतं.

पण आधीचं आधी सांगतो.

दाजीचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तो पुन्हा भरून देतो. खाली रस्त्याला लागून दुकान, त्यामागे मधली खोली आणि स्वयंपाकघर, आणि वर टिनाच्या छपराची एक माडी. घरात दाजी, माझी बहीण दीपमाला, त्यांची एकुलती एक मुलगी मयुरी, आणि दाजीची आई जनकाबाई.

या घरात एक रीत होती.

पहिल्या हाकेला कोणी ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. तिसरी हाक आली, मगच.

रीत जनकाबाईंची. त्यांच्या माहेरी दिवेलागणीला विहिरीकडून हाक आली, आणि त्यांच्या चुलत बहिणीनं चटकन ओ दिली. एवढंच त्या सांगतात. पुढचं सांगत नाहीत.

“जितं माणूस कामासाठी बोलवते,” त्या म्हणायच्या. “काम असलं तं थे तिसऱ्यांदा बी बोलवते. दुसरं जे असते ना, त्याले दोनदाच बोलवता येते.”

गावात याची चेष्टा व्हायची. पंजाबराव नावाचे एक शेतकरी दुकानाच्या दारात मोटार टाकून ओरडायचे.

“गोविंदा!”

आत सामसूम.

“ए गोविंदा!”

सामसूम.

“आता तरी ओ दे बे! का मोटार घेऊन वापस जाऊ? तुह्या घरी तं भुतापेक्षा गिऱ्हाइकाचेच हाल जास्त हायेत!”

मग आतून दाजी हसत बाहेर यायचा. दीपमाला लग्न होऊन आली तेव्हा तीही या रीतीला हसायची. पुढे तीही तिसऱ्या हाकेलाच ओ देऊ लागली. मयुरीला तर ते बोलायला यायच्या आधीपासून अंगवळणी पडलेलं. खेळताना मैत्रिणी तिच्यावर चिडायच्या.

गिटार या घरात आली ती मयुरीमुळे. तिनं शाळेत असतानाच हट्ट धरला. मलकापूरला एक सर रविवारी क्लास घेत. एकट्या पोरीला एसटीनं कसं पाठवायचं, म्हणून दीपमाला सोबत जायची. क्लास संपेपर्यंत बाकड्यावर बसून राहायची. एक दिवस सर म्हणाले, “ताई, नुसत्या बसता कशाला? तुम्ही पण धरा एक.”

तिनं धरली.

सर कागदावरून वाजवायला शिकवत. पाच रेघांवर गोल ठिपके काढलेले असतात, ते वाचून सूर वाजवायचे. पोरीला ते लवकर आलं. आईला कष्टानं आलं. पण दोघींनी मिळून वाजवायचा एक धडा त्या पुस्तकात होता, तो दोघींनाही फार आवडायचा. त्यात एकाखाली एक अशा दोन ओळी छापलेल्या. वरची ओळ एका गिटारीची, खालची दुसरीची. वरची वाजते तेव्हा खालची गप्प. मग वरची गप्प बसते आणि खालची उत्तर देते. सर त्याला सवाल-जवाब म्हणायचे.

दीपमाला म्हणायची, “म्हणजे मी हाक मारायची अन् तू ओ द्यायची.”

वरची ओळ तिची. खालची मयुरीची.

संध्याकाळी दोघी माडीवर बसायच्या. खाली दुकानात ग्राइंडर चालू असायचा, त्यामुळे दाजीला सूर धड ऐकू यायचे नाहीत. मधेच भांडण ऐकू यायचं. लगेच हसणं ऐकू यायचं. कशावरून भांडतात, हे त्यानं कधी विचारलं नाही.

मागच्या पावसाळ्यात दीपमालाला डेंग्यू झाला. अकोल्याला नेलं. गाडीत बसताना तिनं मयुरीला सांगितलं, गिटारीला उन्हात ठेवू नको.

ती परत आली ती आमच्या खांद्यावरून.

त्यानंतर मयुरी बोलायची थांबली. म्हणजे अगदी मुकी झाली नाही. कॉलेजला जायची, ताटात वाढलेलं थोडं चिवडायची, विचारलं तर हो-नाही म्हणायची. पण स्वतःहून शब्द नाही. आपली गिटार कव्हरमध्ये घालून तिनं मधल्या खोलीतल्या कपाटावर ठेवून दिली. वजन उतरत चाललं. रविवारी क्लासला जायचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करून झोपायची.

एकदा दाजीनं फारच धरून विचारलं.

“बेटा, काऊन वाजवत नाहीस तू? तिले किती आवडे.”

मयुरीनं कपाटावरच्या गिटारीकडे पाहिलं. मग म्हणाली, “वरची ओळ कोन वाजवनार?”

हे एवढं एकच वाक्य. दाजीला त्यानं रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी उठून त्यानं ठरवलं, वरची ओळ मी वाजवणार.

आता दाजीला सूर कळत नव्हता, ताल कळत नव्हता. लग्नात बँडसमोरसुद्धा तो कधी नाचला नाही. पण बायको गेली होती, आणि पोरगी डोळ्यांदेखत जात होती. दुसरं काही त्याच्या हातात नव्हतं.

तांब्याची तार आणायला मलकापूरला गेला की तो सरांकडे जाऊन बसायचा. सरांनी दीपमालाचंच पुस्तक त्याच्यापुढे उघडून समजावलं. दुपारी मयुरी कॉलेजात असताना तो माडीवर जाऊन दीपमालाची गिटार धरायचा. तिला कळू द्यायचं नव्हतं. नीट जमलं की एक दिवस अचानक वाजवायचं, असं त्याच्या मनात होतं.

पहिले काही दिवस त्याला वेड लागायची पाळी आली. कागदावर जो ठिपका वर, तो गिटारीत खाली. सगळ्यात वरच्या रिकाम्या जागेतला ठिपका म्हणजे सगळ्यात खालची बारीक तार. जाड कातडीच्या बोटाखाली एकदम दोन तारा दबायच्या.

जनकाबाई खालून ओरडायच्या, “गोविंदा, मांजर दाबलं का रे तू?”

“शिकून राह्यलो माय!”

“शिक बाप्पा. पन त्या मांजराले सोड!”

पण एक गोष्ट त्याला पहिल्या दिवसापासून आली. गप्प बसणं.

कागदावर गप्प बसायची खूण असते. पाच रेघांतल्या वरून दुसऱ्या रेघेला खालून लटकलेला एक काळा ठोकळा. वटवाघळासारखा. तो दिसला की हात तारांवर ठेवायचा आणि चार मोजायचे. हाकेनंतर असे दोन ठोकळे होते: पहिल्या चारात दोन्ही गिटारी गप्प, दुसऱ्या चारात खालचीचा जवाब. कमी नाही, जास्त नाही. दाजी आयुष्यभर तारेचे वेढे मोजत आला होता. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता त्याचे वेढे चुकत नसत. सर म्हणाले, “गोविंदराव, सूर येतील हळूहळू. तुमचं मोजणं मात्र पक्कं आहे.”

आणि ओळीच्या शेवटी दोन टिंबं होती. दोन टिंबं म्हणजे परत मागे जा, हेच पुन्हा एकदा वाजव. म्हणजे हाक, मग शांतता. पुन्हा तीच हाक, पुन्हा शांतता. त्यानंतर शेवटच्या ओळींत दोन्ही गिटारी मिळून वाजायच्या.

दोनदा हाक.

हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं नाही. कोणाच्याच आलं नसतं. हाक तोंडानं मारतात, तारेनं मारतात का?

एका दुपारी त्यानं ती हाक न अडखळता वाजवली. पहिल्यांदाच. मग हात तारांवर ठेवला आणि मोजायला लागला.

एक, दोन, तीन, चार.

जवाबाचेही चार सोडले आणि पुन्हा हाक वाजवली. पुन्हा हात ठेवला.

एक...

टिनावर पारवे घुमत होते, ते थांबले.

दोन...

समोरची पिठाची गिरणी चालू होती. तिचा आवाज येईना.

तीन...

चार...

आणि खालून, मधल्या खोलीतून, एक सूर आला.

एकच. बारीक तारेचा.

दाजीला वाटलं, मयुरी लवकर घरी आली. गिटार बाजूला ठेवून तो जिना उतरला. मधल्या खोलीत कोणी नव्हतं. मयुरीची गिटार कपाटावर, कव्हरची चेन बंद. कव्हरवर धूळ. त्या धुळीवर बोटाचा साधा ओरखडा नव्हता.

मागच्या अंगणात जनकाबाई मेथी निवडत होत्या.

“माय, मयुरी आली का?”

“आता कुठची? बस तं संध्याकाळी येते.”

गिरणी चालू होती. पारवे घुमत होते.

त्याला भीती वाटली का? मी विचारलं होतं. दाजी म्हणाला, “नाही भाऊ. खरं सांगतो, मले आनंद झाला.”

कारण त्याला वाटलं, ती आली.

दुसऱ्या दुपारी दोन सूर आले. मग तीन. मग एका दुपारी पूर्ण जवाब आला, पुस्तकात खालच्या ओळीत छापलाय तसा. चार मोजून झाले की सुरू, आणि पुढचे चार सरले की बंद. एक सूर इकडचा तिकडे नाही. दाजी पुस्तकावर बोट ठेवून पाहत होता. प्रत्येक ठिपका बरोबर येत होता.

तो रडला. आपण तिची ओळ घेतली म्हणून तिनं पोरीची घेतली, असं त्यानं मनाशी धरलं.

मग तो दुकान सोडून माडीवर बसू लागला. मोटारी तशाच पडून राहायच्या. पंजाबराव दारात उभे राहून ओरडायचे आणि तिसऱ्या हाकेलाही ओ मिळायची नाही. दाजीचा चेहरा मात्र उजळला होता. जनकाबाईंना ते दिसत होतं, आणि त्यांना ते आवडत नव्हतं.

एक दिवस दुपारी दाजी दुकानात होता. हातात वाइंडिंग, बोटात तार. जनकाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. वर माडीवर कोणी नव्हतं.

आणि वरून...

हाक आली.

तीच. वरच्या ओळीतली. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

दाजी तार टाकून उठला. जनकाबाईंनी बसल्या जागेवरून त्याचं धोतर धरावं तसा पँटचा पाय धरला.

“थांब.”

“माय, तुले ऐकू आलं ना?”

“ऐकू आलं. थांब. तिसरी येऊ दे.”

दोघं थांबली. चार मोजून व्हावेत एवढी शांतता गेली. मग पुढच्या चाराची गेली. ती जागा जवाबाची होती, आणि जवाब द्यायला कोणी नव्हतं.

पुन्हा हाक आली. दुसरी.

दाजीचे हात आपोआप हलत होते. खालची ओळही आता त्याला पाठ झाली होती. जनकाबाईंची पकड सुटत नव्हती.

तिसरी आली नाही.

“पाह्य,” जनकाबाई हळू आवाजात म्हणाल्या. “नाही आली.”

दाजी चिडला. “माय, कागदावरच दोनदा हाये! दोन टिंबं असतात तिथं. दोनदाच वाजवा लागते. तिसऱ्यांदा कशी येईन?”

जनकाबाईंना वाचता येत नाही. त्या जिन्याकडे पाहत बसल्या. मग म्हणाल्या,

“म्हंजे तू रोज दुपारी वर बसून दोनदाच हाक मारत होता?”

दाजीनं मान डोलावली.

“अन् ओ येत होती?”

दाजीनं पुन्हा मान डोलावली.

“कोनाले बोलावलं रे तू, गोविंदा?”

“दीपमाला असंन माय. तिच्याशिवाय कोन असंन?”

“तिनं सांगतलं का तुले, मी दीपमाला म्हून?”

त्याच दुपारी जनकाबाई त्याच्यामागे जिना चढून गेल्या. गुडघे धरत, एक एक पायरी. त्या वर उभ्या राहिल्या आणि त्याच्याकडून गिटारीच्या सगळ्या तारा काढून घेतल्या. दाजीनं खुंट्या सैल केल्या, तारा सोडवल्या, तांब्याच्या तारेचं करतो तसं त्यांचं भेंडोळं केलं आणि खाली दुकानात खिळ्याला अडकवलं. बिनतारांची गिटार माडीवरच्या खाटेवर पडून राहिली. माडीला कडी लावली.

दाजीला वाटलं, आपण दुसऱ्यांदा अकोल्याहून परत आलो.

पोरीला परत आणायची एक वाट होती, तीही गेली. मयुरी तशीच होती. ताट चिवडायची, भिंतीकडे तोंड करायची. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. बापानं सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं ते वाजवून सांगायचं होतं.

आता ती तिन्हीसांज.

पंजाबरावांच्या विहिरीवर मोटार बसवायला दाजी गेला होता. गव्हाला पाणी चालू होतं. काम लांबलं. जनकाबाई शेजारी महालक्ष्मीची पोथी ऐकायला गेल्या होत्या. तो गुरुवार होता. मयुरी बसनं येऊन घरात एकटी होती.

दाजी चिखलाच्या पायानं रस्त्यावरून येत होता. घर दिसायला लागलं. घरात दिवा नव्हता. समोरच्या किराणा दुकानात एक बाई तेल मोजून घेत होती. मारुतीच्या देवळाकडून पोरांचा गलका येत होता...

तो गलका थांबला.

एकदम. पाणी बंद करावं तसा.

आणि माडीवरून हाक आली.

दाजी रस्त्यात उभा राहिला. तो आपोआप मोजायला लागला. एक. दोन. तीन. चार.

आणि घरातून, मधल्या खोलीतून, जवाब आला.

हा जवाब वेगळा होता. तार थोडी उतरलेली होती. बरेच महिने न वाजवलेल्या गिटारीची असते तशी. मधे एक सूर घसरला आणि सावरला.

मयुरी वाजवत होती.

जिला जन्मापासून तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही हे शिकवलं, त्या पोरीनं पहिल्याच हाकेला ओ दिली होती. तिचा काय दोष? तोंडच्या हाकेला थांबायचं, हे घरानं शिकवलं होतं. तारेच्या हाकेला चार मोजून लगेच जवाब द्यायचा, हे क्लासनं शिकवलं होतं.

दाजी पळत सुटला.

“मयुरी! नको!”

दुसरी हाक.

एक, दोन, तीन, चार.

दुसरा जवाब. आता एकही सूर घसरला नाही.

दाजी दुकानाच्या फळ्यांपाशी पोचला, तोवर शेवटच्या ओळी सुरू झाल्या होत्या. दोन्ही मिळून वाजवायच्या असतात त्या. माडीवरची आणि मधल्या खोलीतली, दोन्ही एकत्र. दाजी म्हणतो, “भाऊ, इतकं गोड मी कधी ऐकलं नाही. अन् मले थे बंद करायचं होतं.”

तो मधल्या खोलीच्या दारात आला तेव्हा शेवटचा सूर विरत होता.

मयुरी जमिनीवर बसली होती. मांडीवर गिटार. गाल ओले होते आणि ती हसत होती. पावसाळ्यापासून पहिल्यांदा. तिचं तोंड जिन्याकडे होतं.

“पप्पा!” ती जिन्याकडे पाहून म्हणाली. “कधी शिकले तुम्ही? मले सांगतलं काऊन नाही?”

“मयुरी,” दाजी तिच्यामागून म्हणाला.

तिनं वळून पाहिलं. दारात बाप. पायाला चिखल, हातात पाना.

तिचं हसू तिथंच राहिलं. तिनं पुन्हा जिन्याकडे पाहिलं.

“मंग वर कोन हाये?”

दाजी एकटा वर गेला. माडीची कडी लावलेलीच होती. त्यानं ती काढली. आत कोणी नव्हतं. खाटेवर गिटार होती, ठेवली तशी.

तारा नव्हत्या.

तारांचं भेंडोळं खाली दुकानात खिळ्याला होतं. दाजीनं ते नंतर तीन वेळा जाऊन पाहिलं.

जनकाबाई आल्या, दिवा लागला. कोणी जेवलं नाही. अंगणात चूल पेटवून तिघं बसली. पोरीला धीर द्यावा म्हणून, आणि त्याला स्वतःलाही तेच हवं होतं म्हणून, दाजी म्हणाला,

“घाबरू नको बेटा. तुही मम्मी असंन. आपल्याले पाह्याले आली असंन.”

मयुरीनं मान हलवली. “नाही पप्पा. मम्मी नव्हती थे.”

“तुले कसं माहीत?”

“मम्मी कधी चार मोजतच नव्हती. माह्या जवाबाचे तीन झाले का सुरू करे. तुम्हाले काय वाटते, आम्ही वर रोज भांडो काऊन? मी म्हणो, मम्मी चार मोज. थे म्हने, माह्या ओळीत तिथं काही वाजतच नाही तं मोजायचं काय?” ती सांगता सांगता रडायला लागली. “कधीच जमलं नाही तिले. एकदा बी नाही. आज जे वाजत होतं ना, थे बरोबर चार मोजत होतं. एकदम कागदासारखं. म्हून तं मले वाटलं तुम्ही हायेत. तुमचं मोजनं कधी चुकत नाही म्हून.”

दाजीनं चुलीत लाकूड सारलं.

माडीवरच्या त्या सगळ्या दुपारी त्याच्या डोळ्यांपुढून जात होत्या. पुस्तकावर ठेवलेलं बोट. एकही न चुकलेला ठिपका. जे बरोबर होतं म्हणून त्यानं आपली बायको ओळखली, ते तिला आयुष्यात एकदाही बरोबर जमलं नव्हतं.

मग दुपारी त्याच्याशी कोण बोलत होतं?

त्या दिवसापासून मयुरी बोलायला लागली. जेवायला लागली. कॉलेजातल्या गोष्टी सांगायला लागली. बाहेरच्या माणसाला वाटावं, पोरगी सावरली. दाजीला जे हवं होतं ते सगळं त्याला मिळालं.

फक्त अधूनमधून, तिन्हीसांजेला, ती मान वर करायची आणि म्हणायची...

“ओ.”

कोणी हाक मारलेली नसायची.

जनकाबाईंनी दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिल्यावर त्यांनी मला फोन लावायला सांगितला. “मामाच्या घरी काही दिवस राहू द्या पोरीले,” एवढंच म्हणाल्या. दोन्ही गिटारी तिथंच सोडून मी मयुरीला संग्रामपूरला घेऊन आलो. शेगावला उतरून गजानन महाराजांचं दर्शन घेतलं. तिनं प्रसाद खाल्ला, खिडकीत बसून गप्पा मारल्या. मला वाटलं, सुटलं.

माझ्या घरात एरवी मी एकटाच असतो. माझी बायको सुभद्रा जाऊन दोन वर्षं होतील. मयुरी आली म्हणून चूल पेटते.

हे लिहायला बसलो त्याचं कारण काल संध्याकाळचं आहे. मी ओसरीवर बसलो होतो. मयुरी माझ्यासमोर अभ्यास करत होती. दिवा लावायला मी उठणार होतो. रस्त्यावरून ट्रॅक्टर चालला होता...

त्याचा आवाज मधेच तुटला.

मयुरीनं स्वयंपाकघराकडे मान वळवली.

“ओ. आली.”

मी म्हणालो, “कोनाले ओ देऊन राह्यली बेटा?”

“मामी बोलवून राह्यली ना.”

मी विचारलं. “काय म्हणून हाक मारली मामीनं?”

“मयुरी म्हून. दोनदा.”

ती उठून आत गेली, आणि थोड्या वेळानं काही नाही असं म्हणून परत आली.

सुभद्रा तिला मयुरी म्हणत नसे. पाळण्यात होती तेव्हापासून ती तिला मैनाच म्हणायची. शेवटच्या आजारपणातही मैनाच. मयुरी हे नाव तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. म्हणजे काल जे होतं ते सुभद्रा नव्हती. हे मला कळतं. सकाळी दाजीला फोन करून मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, “भाऊ, स्वयंपाकघराले कडी लावा.”

मी हो म्हणालो.

आज पुन्हा दिवेलागण झाली आहे. मयुरीला मी ओसरीवर माझ्याजवळ बसवून ठेवलं आहे. रस्त्यावरची वर्दळ चालू आहे, सगळे आवाज नीट येत आहेत.

स्वयंपाकघराला कडी मी लावलेली नाही. काल दोनच हाका आल्या; तिसरी आली तर ती सुभद्राच, असं मन म्हणतं.

तिसरी हाक अजून आलेली नाही.